थोरल्यांचा डावा कान

मी फोटोवाला. तेलगाव फाट्यावर दुकान आहे. पुढच्या बाजूला स्टुडिओ, मागच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन. बारसं, लग्न, वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन आणि शेवटी श्रद्धांजली, एका माणसाची सगळी कामं एकाच छपराखाली होतात. गिऱ्हाईक एकदा आलं की मरेपर्यंत तुटत नाही, असं माझी बायको काउंटरवर बसून आल्यागेल्याला सांगते. गिऱ्हाइकासमोर मरायच्या गोष्टी करू नको म्हणून मी तिला कैकदा सांगितलं. ती ऐकत नाही.

फोटोतलं नको ते काढून टाकण्यात माझा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, पुढाऱ्याच्या बगलेतून डोकावणारं कुत्रं, मंगलाष्टकं चालू असताना मागं दात कोरणारा पाहुणा, असलं सगळं मी माऊसनं ठिपका ठिपका करून पुसायचो. एका पाहुण्याला दोन तास लागायचे. मान आखडायची, पण पाहुणा असा जायचा की तो तिथं होता हे त्याच्या बायकोलाही कळू नये. मग हे एआय आलं. गेल्या लग्नसराईत एक नवरदेव माझ्या तोंडावर म्हणाला, "काका, हे तर मोबाईलवर बोट फिरवलं की आपोआप होतंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या अल्बममधली आईस्क्रीम चाटणारी मावशी मी मुद्दाम तशीच ठेवली. फिरव म्हणावं आता बोट.

तर असा मी. ह्या एआयच्या वाटेला मी कधी गेलो नसतो. पण वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे आमच्याच गल्लीतल्या. त्यांचे मालक ते थोरले. दोघं भाऊ, एक थोरले आणि एक धाकटे, अख्खं गाव त्यांना तसंच ओळखतं. थोरले वारले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला कीर्तन ठरलं होतं, आणि भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे होता. इथपर्यंत सोपं होतं. पुढचं वहिनींनी पिशवीतून काढलं.

थोरल्यांचा एकट्याचा धड फोटोच नव्हता. एक आधार कार्डावरचा. त्यात ते पोलिसांनी उसातून धरून आणल्यासारखे दिसत होते. तेराव्याला तोच मोठा करून लावला होता आणि वहिनी वर्षभर त्याच्याकडं पाठ करून जेवत होत्या. दुसरा फोटो भाचीच्या लग्नातला, मांजरसुंब्याच्या मंगल कार्यालयातला, मीच काढलेला. दोघं मामा फेटे बांधून उभे, धाकट्यांचा हात थोरल्यांच्या गळ्यात, आणि थोरले तोंड भरून हसताहेत. हसू इतकं झकास की पडलेल्या दाताची जागासुद्धा शोभून दिसत होती.

"ह्यांना ठेवा," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं समदं काढा."

बाकीचं म्हणजे मागचा कूलर, पाण्याचे जार, भाताचं ताट धरलेला कुणाचा तरी हात, आणि धाकटे.

धाकट्यांना काढणं रीतीप्रमाणंही भाग होतं. आमच्याकडं जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. श्रद्धांजलीच्या फोटोत जित्या माणसाचं बोटसुद्धा राहू नये, हे ह्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पण वहिनींचं कारण वेगळं होतं. मागच्या ग्रामपंचायतीला थोरले एका पॅनलकडून उभे राहिले आणि धाकटे दुसऱ्या पॅनलचा प्रचार करत गावभर फिरले. थोरले पडले. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद, पाणी बंद. थोरल्यांच्या मातीला धाकटे आलते, पण लांब बाभळीखाली उभे राहिले आणि तिथूनच परत गेले. तेराव्याला फिरकले नाहीत.

"भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या, "त्या माणसाचा नखाएवढा तुकडा बी माझ्या भित्तीवर नगं. अन् ह्यांचं हसणं तेवढं जाऊ देऊ नका. ह्यांचा चेहरा आठवायला गेलं की मला आता ते आधार कार्डच आठवायलंय."

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. थोरले रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. पेपर माझ्याआधी वाचायचे, चहा माझा प्यायचे, आणि पेपरातल्या प्रत्येक पुढाऱ्याला एक एक शिवी देऊन मग घरी जायचे. माझ्याकडं तीन कॅमेरे. इतक्या वर्षांत एकदा कॅमेरा उचलून "बसा हो जरा नीट" एवढं मला म्हणता आलं नाही. रोज समोर बसणाऱ्याचा फोटो कोण काढतं! आणि मग माणूस निघून जातो. मी वहिनींना म्हणालो, करतो. काही झालं तरी करतो.

म्हणालो खरा, पण फोटो कॉम्प्युटरवर मोठा केल्यावर घाम फुटला. धाकट्यांच्या फेट्याचा शेमला थोरल्यांच्या डाव्या गालावर आला होता आणि डावा कान पूर्ण झाकून गेला होता. उजवा कान पलीकडच्या बाजूला, दिसतच नव्हता. खांब पुसला की मी मागं आभाळ भरतो. कान पुसला तर काय भरू? आधार कार्डावरचा कान घ्यावा म्हटलं, तर मोठा केल्यावर ते दोन काळे डाग निघाले.

"त्या एआयला विचारा की," बायको म्हणाली. "फोटोत नसलेलं बी भरून देतंय म्हणं ते."

मी तिच्यावर डाफरलो. मग जेवलो. मग विचारलं.

तिनं एकच अट घातली. थोरल्यांवर प्रयोग करायचे नाहीत, आधी दुसऱ्या फोटोवर परीक्षा घ्यायची. परीक्षेला एका जोडप्याचा धरणावरचा फोटो घेतला. लग्नाआधी काढतात तसला, दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघताहेत आणि मागं पाण्यात एक म्हैस कॅमेऱ्याकडं बघते आहे. जे एआय म्हैस नीट काढील ते पास.

पहिलं फुकटचं होतं. म्हशीवर बोट फिरवलं. त्यानं आधी दोन जाहिराती दाखवल्या, मग म्हैस ठेवली आणि नवरा काढला. नवरी म्हशीकडं लाजून बघत होती.

"ह्याला माणसाची पारख हाय," बायको म्हणाली.

दुसऱ्यानं म्हैस बरोबर काढली, पण फोटोच्या मधोमध आपल्या कंपनीचं नाव आडवं ठोकलं. थोरल्यांच्या छातीवर ते नाव आलं असतं तर माणूस मेल्यावर परत कुठल्या पॅनलला उभा राहिला असं गावाला वाटलं असतं. ते पण बाद.

तिसरं लई शहाणं. त्याला बोट चालत नव्हतं, इंग्रजीत लिहून सांगावं लागत होतं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. म्हैस अशी गेली की पाण्यावर लाटसुद्धा राहिली नाही. मी खूश. लगेच थोरल्यांचा फोटो दिला आणि भावाला काढ म्हणून लिहिलं. धाकटे गेले. त्यांच्या जागी गुलाबी शर्ट घातलेला एक गोरापान, कधी न पाहिलेला गृहस्थ येऊन उभा राहिला, आणि त्याचाही हात थोरल्यांच्या गळ्यात.

"अरे भाऊ काढ म्हणलं तर दुसरा भाऊ कावून आणून बसवलास बे!" मी स्क्रीनवर ओरडलो.

बायकोनं वाकून बघितलं. "असू द्या की. दिसायला शांत हाय. पॅनलच्या भानगडीत पडायचा न्हाई."

चौथं साधं होतं. जिथं बोट फिरवावं तेवढंच पुसायचं, बाकी कशाला हात लावायचं नाही. म्हैस काढली, पण पाण्यातली तिची सावली तशीच ठेवली. सावलीवर बोट फिरवल्यावर सावली काढली.

"हे घ्या," बायकोनं निकाल दिला. "सांगितलं तेवढंच करतंय, मधी आपली अक्कल घालत न्हाई. असलं माणसात कुणी मला अजून भेटलं न्हाई."

हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

चौथ्यानं कूलर काढला, जार काढले, भाताचं ताट काढलं, धाकट्यांना फेट्यासकट काढलं. थोरले एकटे हसत उरले. गाल झकास भरला होता. कानाच्या जागी त्यानं आपल्या मनानं एक कान बसवला होता, लहानसा, गुळगुळीत, सिनेमातल्या हिरोचा असतो तसा. मला काही वावगं दिसलं नाही. वहिनींना बोलावून घेतलं.

वहिनी स्क्रीनसमोर बसल्या. हसणं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. मग पदर हळूहळू खाली आला.

"ह्यो कान कुणाचा?"

"थोरल्यांचाच की."

"न्हाई. ह्यांचा कान सुपाएवढा. पाळी लोंबायची. अन् कानावर केसं होती, मक्याच्या कणसाला असत्यात तसली. कापा कापा म्हणून माझं तोंड दुखलं, पण कधी कापली न्हाईत."

"वहिनी, लांबून कोण एवढं बघतंय?"

"मी बघणार हाय की!" त्या एकदम उसळल्या. "मला रोज बघायचंय, भाऊजी. परक्याचा कान लावून कुणाला आणून बसवू मी घरात?"

त्या उठून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. कीर्तन चार दिवसांवर आलं होतं.

मग मी कानाच्या मागं लागलो. चौथ्याला जमेना म्हणून परत त्या शहाण्या तिसऱ्याकडं गेलो. मोठा कान दे म्हटलं तर हत्तीचा दिला. केस पाहिजेत म्हटलं तर कानाला दाढी आली. लोंबती पाळी म्हटलं तर पाळीत झुमका घातला. माझं डोकं फिरलं. पुन्हा पहिल्यापासून करावं म्हणून मूळ फोटो दिला, तर त्यानं इंग्रजीत विचारलं, दोघांतला कोणता माणूस ठेवायचा? चष्मा माझ्या कपाळावर होता. मी अंदाजानंच एका बाजूचा म्हणून लिहून दिलं. आलेला फोटो न बघता वर्षश्राद्धाच्या तयार फ्लेक्समध्ये टाकला आणि वहिनींना पाठवायचा तो गावाच्या ग्रुपवर पाठवून दिला.

खाली थोरल्यांचं नाव, वर 'प्रथम पुण्यस्मरण', दोन बाजूंना दोन समया, आणि मधे फेटा बांधून हसणारे धाकटे.

आमच्या ग्रुपवर फोटो कोणी बघत नाही. समई दिसली की हात जोडतात. पाच मिनिटांत शंभर हात जोडले गेले. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. एकानं तर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तो नेहमीच देतो. सगळ्यात पहिले जोडलेले हात कुणाचे ते मी नंतर वर सरकवून बघितलं. धाकट्यांचे होते. भावाचं नाव दिसलं तसे त्यांनी हात जोडले होते, चित्र कुणाचं आहे ते मग दिसलं असणार.

अर्ध्या तासात मोटारसायकल दारात येऊन थांबली.

"मी जित्ता हाय बे!" धाकटे उंबऱ्यातूनच गरजले.

"दिसायलंय," बायको म्हणाली. "बसा, चहा टाकते."

"चहा काय टाकता! तिकडं युसूफ वडगावहून माझी लेक एसटीत बोंबलत निघालीय. सोसायटीचा चेअरमन फुलं घेऊन घरी आलता. दार मीच उघडलं!"

मी हात जोडले, पाय धरले, ग्रुपवरून फोटो काढून टाकला, लेकीला फोन लावून दिला. ती बापाचा आवाज ऐकून आणखीच रडायला लागली. एवढं झाल्यावर हे घडलं कसं ते सांगणं भाग होतं. वहिनींच्या फोटोतून तुम्हाला काढत होतो, असं मी सांगून टाकलं.

"मला?"

"हं."

"समदं?"

"नखाएवढं बी ठेवू नका म्हणल्या."

धाकटे बाकावर बसले. थोरले बसायचे त्याच बाकावर, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. समोर स्क्रीनवर थोरले हसत होते, कानाला दाढी घेऊन. धाकट्यांनी चष्मा लावला आणि जवळ येऊन बघितलं.

"दादाचा कान असा न्हाई."

"मला बी ठावं हाय!" मी उखडलो. सगळ्या दिवसाचा राग त्यांच्यावर निघाला. "तुमच्याच फेट्याखाली गेलाय तो! फोटोत न्हाई तर आणू कुठून मी?"

धाकटे परत बाकावर टेकले. डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडं वळवून डावी बाजू माझ्यासमोर केली. सुपाएवढा कान, लोंबती पाळी, वर केसांचा झुपका. मी बघतच राहिलो. दोघांना इतकी वर्षं बघतोय, दोघांचा एकत्र फोटोही काढला, पण दोघांचा कान एकच आहे हे मला कधी दिसलं नाही. कसला फोटोवाला मी!

"घे," धाकटे म्हणाले. "आईचा कान हाय. आमा दोघांनाच आलता."

बायको चहा घेऊन आली ती तिथंच थांबली. "भाऊजी, असलं करू नये. हाराचा फोटो हाय तो. जित्या माणसाचा कान त्याच्यात?"

"लागू दे हार," धाकटे म्हणाले. "तोंड तर गावभर चालवलं त्याच्याविरुद्ध. कान तरी कामाला येऊ दे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनीला सांगू नको."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. लग्नात उजेड ज्या बाजूनं होता त्याच बाजूला दिवा लावला.

"आधी केसं कापून येऊ का?" त्यांनी विचारलं.

"खबरदार!" मी ओरडलो.

एका कानाचे इतके फोटो आमच्या तालुक्यात कोणी काढले नसतील. त्यातला एक घेतला. चौथ्या एआयनं जागा मोकळी करून दिली होती, तेवढं त्याचं काम चोख. पण कान मी त्याला लावू दिला नाही. माऊस घेतला आणि ठिपका ठिपका करत स्वतः लावला, एक एक केस धरून. दोन तास लागले. मान आखडली.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी वहिनी फ्रेम न्यायला आल्या. काचेवर नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. कानावरून बोट फिरवलं आणि त्यांना हसूच आलं.

"हां. ह्यो हाय त्यांचा. केसं बी तसलीच." मग बोट तिथंच थांबलं. "पर कुठं सापडला ह्यो? फोटोत तर नव्हता."

"ते काय हाय वहिनी, कॉम्प्युटरमधी एक..." मी सुरुवात केली.

"धाकल्यांचा हाय," बायको म्हणाली.

वहिनींचं हसू गेलं. फ्रेम आता माझ्या डोक्यात बसणार असं मला वाटलं. त्यांनी ती साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली, गाठ मारली, काखेला लावली आणि निघून गेल्या. मी बायकोला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. नको म्हणून सांगितलं होतं त्यांनी, एवढं पोटात ठेवता येत नाही तुला? ती शांतपणे म्हणाली, "खोटा कान तिनं एका नजरेत वळखला. मग खरा कुणाचा हे तिला कळायला लई दिवस लागले असते व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी मांडवात सगळ्यांच्या आधी गेलो. खुर्चीवर कापड टाकून फोटो ठेवला होता. कानावर काही चिकटवलंय का ते आधी बघितलं. नव्हतं. हळूहळू माणसं जमली. धाकटेही आले, पण चपला काढायच्या जागेपाशीच उभे राहिले, आत येईनात. लोक येत होते, हार घालत होते, पाया पडून बसत होते. झेंडूचे हार एकावर एक चढले आणि थोरल्यांच्या फोटोची डावी बाजू कानासकट झाकून गेली. धाकटे लांबून तिकडंच बघत होते आणि त्यांचा हात उगीच आपल्या कानाकडं जात होता.

टाळ वाजायला लागणार एवढ्यात वहिनी बायकांमधून उठल्या. सगळा मांडव बघायला लागला. आता फोटो उचलून नेतात, असंच मला वाटलं. त्या फोटोपाशी गेल्या, डाव्या बाजूचे सगळे हार दोन्ही हातांनी गोळा केले आणि फ्रेमच्या मागं नेऊन खोचले. कान मोकळा झाला.

"अगं राहू दे की," त्यांची बहीण म्हणाली. "चांगले दिसायलेत. कावून सारायलीस?"

वहिनी मागं वळल्या नाहीत, पण चपलांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यो कान जित्या माणसाचा हाय. त्याला हार नगं."